रेंज फुल्ल, नेट बंद: ओपन५जीएस आणि एसआरएसआरएएन आमच्या लॅबमध्ये

स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभारायला लागणारं सॉफ्टवेअर आज मोफत मिळतं आणि ते उत्तम आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचा बराच मजकूर नेट का चालत नाही याबद्दल आहे. तो वाचून कुणी मागं फिरू नये. दूरसंचार शिकवायला यापेक्षा चांगली वस्तू माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कम्युनिकेशन लॅब सांभाळते. आमची मुलं कंधार, मुखेड, लोहा, हदगाव, किनवट, वसमत अशा भागांतून येतात. मोबाइल नेटवर्क हा त्यांच्या रोजच्या तक्रारीचा विषय. शेतातल्या आखाड्यावर रेंज नसते, गावात रेंज असते तर नेट रांगतं. पण टॉवरच्या मागं काय चालतं, हे त्यांनी पुस्तकातल्या चौकोनांपलीकडे पाहिलेलं नसतं. फोनची नोंदणी बघणारा एमएमई नावाचा एक चौकोन, डेटा पुढं नेणारा एसजीडब्ल्यू नावाचा दुसरा, मधे रेघ, आणि परीक्षेत तीच आकृती. ओपन५जीएस या मोफत सॉफ्टवेअरमुळे या चौकोनांचे चालते प्रोग्राम झाले. प्रत्येकाची वेगळी लॉग फाइल, वेगळा पत्ता, आणि कुठलाही एक बंद करून पुढं काय होतं ते बघता येतं. कंपनीच्या टॉवरवर आपल्याला कुणी असं करू देणार नाही.

ओपन५जीएस म्हणजे नेटवर्कचा गाभा, कोअर. सुकचन ली यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आधी नेक्स्टईपीसी नावानं ओळखला जायचा. सी भाषेत लिहिलेला, एजीपीएल परवान्याखाली खुला, आणि ४जी व ५जी दोन्हींचा कोअर त्यात आहे. रेडिओची बाजू, म्हणजे बेस स्टेशन (टॉवरचं काम), एसआरएसआरएएन ४जी सांभाळतं. ते आयर्लंडच्या सॉफ्टवेअर रेडिओ सिस्टिम्स कंपनीचं, पूर्वीचं एसआरएसएलटीई. हार्डवेअर म्हणून आमच्याकडे यूएसआरपी बी२१० हा सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ बोर्ड आहे, जो ७० मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो. सिमकार्डं बर्लिनच्या सिस्मोकॉमची, सिस्मोआयसिम-एसजेए२. त्यांच्यासोबत कार्डावर लिहू देणारी एडीएम किल्ली येते, म्हणून आयएमएसआय (ग्राहकाचा क्रमांक), केआय आणि ओपीसी (ओळख पटवायच्या गुप्त किल्ल्या) आपल्याला हवे ते लिहिता येतात. लिहिण्यासाठी पायसिम हे मोफत साधन पुरतं. यातला मोठा खर्च एकट्या बोर्डाचा. तो लाखाच्या वर जातो, आणि विभागाच्या बजेटमधून तो मंजूर करून घेणं हे या कामातलं सर्वांत चिवट काम आहे.

सेटिंगकडे वळण्याआधी कायद्याचं. परवान्याशिवाय मोबाइलच्या बँडमध्ये हवेत सिग्नल सोडणं गुन्हा आहे, मग तो कितीही क्षीण असो. प्रयोगासाठीचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा असतो. आमचं सगळं काम तारेतून किंवा बंद पेटीत चालतं. एलटीई मॉड्युल (फोनचंच काम करणारा छोटा ४जी मॉडेम) आरएफ केबलनं बी२१०ला जोडलेलं आहे, मधे अ‍ॅटेन्युएटर. मॉड्युल २३ डीबीएमपर्यंत पाठवू शकतं आणि बोर्डाच्या रिसीव्हरला उणे १५ डीबीएमच्या वर सोसत नाही, म्हणजे किमान ३८ डेसिबल तरी मधेच जिरवायला हवेत. आम्ही त्याहून बरेच जास्त ठेवतो. खरा फोन लावायचा तेव्हा तो शील्ड बॉक्समध्ये जातो आणि फिल्टर केलेल्या यूएसबी वायरीनं त्याचा पडदा संगणकावर दिसतो. ही शिस्त मी मुलांकडून कडक पाळून घेते. शेजारच्या खऱ्या टॉवरवर एखाद्याचा १०८चा कॉल चालू असू शकतो, त्यात आपल्या प्रयोगाचा अडथळा येता कामा नये.

उबुंटूवर ओपन५जीएस बसवणं सोपं आहे. तयार पॅकेज मिळतं, ग्राहकांची नोंद ब्राउझरमधल्या पानावर करायची असते. एक गोष्ट मात्र मराठवाड्यातल्या कॉलेजांनी खरेदीआधी बघावी. ग्राहकांची माहिती मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये राहते, आणि मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स सूचना असलेला प्रोसेसर लागतो. लॅबमधले जुने पेंटियम, सेलेरॉनचे डबे इथंच बाद होतात. प्रोग्राम सुरू होताक्षणी पडतो आणि पडद्यावर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच येतं.

आता मुद्द्याचं. सगळं बसलं की रेंजच्या काड्या भरतात, नेटवर्कचं नाव दिसतं, आणि बॅचमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, “मॅडम, टॉवर तं आलं, पण नेट चालंना की ओ.”

हे होणं स्वाभाविक आहे. नोंदणी आणि डेटा यांच्या वाटा मुळातच वेगळ्या आहेत. फोनची नोंदणी बेस स्टेशन आणि एमएमई यांच्यात एससीटीपीच्या ३६४१२ पोर्टवरून होते. फोनचा डेटा जीटीपीच्या बोगद्यातून (पॅकेटात पॅकेट गुंडाळून), यूडीपीच्या २१५२ पोर्टवरून, एसजीडब्ल्यू-यू आणि यूपीएफ या डेटा हाताळणाऱ्या भागांकडे जातो, तिथून ओजीएसटन नावाच्या आभासी कार्डावर बाहेर पडतो आणि मग लिनक्स त्याला इंटरनेटकडे ढकलतो. पहिली वाट ठणठणीत असताना दुसरी चार ठिकाणी तुटलेली असू शकते. काड्या फक्त पहिल्या वाटेबद्दल सांगतात.

म्हणून पहिला प्रश्न एकच: फोनला पत्ता मिळाला का? फोनला पत्ता देणाऱ्या एसएमएफच्या लॉगमध्ये एक ओळ येते, तिच्यात आयएमएसआय, एपीएन (डेटासाठी जोडायच्या नेटवर्कचं नाव) आणि १०.४५.०.२ सारखा पत्ता असतो. ती ओळ दिसली की सिम, किल्ल्या, ग्राहकनोंद, एपीएन हे सगळं बरोबर आहे. तिकडे पुन्हा हात लावायचा नाही. मुलं नेमकं उलट करतात. नेट चालत नाही म्हटल्यावर केआय पुन्हा टाइप करत बसतात आणि चालू असलेली नोंदणीही बिघडवून ठेवतात. लॉग वाचायची सवय लावणं हे या प्रॅक्टिकलचं खरं काम, आणि ओपन५जीएसचे लॉग त्यासाठी चांगले आहेत, निदान इथपर्यंत तरी.

ती ओळ नसेल तर कारणाचा आकडा बघायचा. २० म्हणजे मॅक फेल्युअर: सिममधला आणि डेटाबेसमधला केआय किंवा ओपीसी जुळत नाही. बहुतेक वेळा ओपीच्या (जिच्यापासून ओपीसी काढतात त्या किल्लीच्या) जागी ओपीसी किंवा त्याच्या उलट पडलेलं असतं. ब्राउझरच्या पानावर दोन्हींसाठी एकच रकाना आहे आणि शेजारी निवड करायची असते, तिथं नजर चुकते. २१ म्हणजे सिम आणि कोअर यांच्या क्रमांकाचा मेळ बसला नाही. हे सहसा पुढच्या फेरीत आपोआप दुरुस्त होतं, घाबरू नये. २७ म्हणजे एपीएन ओळखीचं नाही. आणि ८ सारखा नकार एकदा आला की फोन ते सिम बाद समजतो, तो बंद करून चालू करेपर्यंत पुन्हा प्रयत्न करत नाही. आपण कोअर दुरुस्त केलेला असतो आणि फोन मात्र ढिम्म. अशा वेळी आधी फोन रीस्टार्ट, मग पुढचा विचार.

अँड्रॉइड फोनवर एपीएन हातानं भरावं लागतं, कारण ००१-०१ या चाचणी नेटवर्कचं एपीएन बहुतेक फोनमध्ये आधीपासून नसतं. भरताना एमसीसी (देशाचा आकडा) आणि एमएनसी (नेटवर्कचा आकडा) सिममधल्या आकड्यांशी जुळले नाहीत तर जतन केलेलं एपीएन यादीतून गायबच होतं. सिमचे आकडे आणि नेटवर्कचे आकडे वेगळे ठेवले असतील तर फोन त्याला रोमिंग समजतो, मग डेटा रोमिंगचं बटण चालू करावं लागतं. वायफाय बंद केलंय ना, तेही बघावं.

पत्ता मिळाला आणि तरी नेट नाही, तिथून खरी मजा सुरू होते. ओपन५जीएसच्या लॉगची मदत इथं संपते. नेहमीच्या सेटिंगमध्ये यूपीएफ प्रत्येक पॅकेटबद्दल काही बोलत नाही, आणि बोलू लागला तर फाइल आवरणार नाही. पुढचा शोध येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडम्पनं घ्यायचा. लोह्याकडच्या एका विद्यार्थ्यानं हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं होतं: ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी येईना, तर मोटरीपासून एकेक व्हॉल्व्ह बघत जायचं, शेवटची नळी उपसत बसायचं नाही. आता प्रत्येक बॅचला मी हेच करायला लावते. मॉड्युलवरून ८.८.८.८ ला पिंग चालू ठेवायचा आणि तीन खिडक्यांत तीन टीसीपीडम्प उघडायचे: एक २१५२ पोर्टवर, एक ओजीएसटनवर, एक बाहेर जाणाऱ्या लॅनकार्डावर.

पहिल्या खिडकीतच काही नाही? मग बेस स्टेशन आणि कोअर वेगवेगळ्या संगणकांवर आहेत का ते विचारा. असतील तर जवळजवळ नक्की सापडणारं दुखणं असं: मूळ सेटिंगमध्ये एसजीडब्ल्यू-यूचा पत्ता १२७.०.०.६ असतो. हा संगणकाचा स्वतःपुरता पत्ता. एमएमईचा पत्ता सगळे बदलतात, कारण तो बदलल्याशिवाय बेस स्टेशन जोडलंच जात नाही. एसजीडब्ल्यू-यूचा राहून जातो, कारण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. नोंदणी होते, पत्ता मिळतो, आणि कोअर बेस स्टेशनला सांगतो की डेटा १२७.०.०.६ वर पाठव. बेस स्टेशन बिचारं तो स्वतःलाच पाठवत राहतं. पॅकेट उलगडून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये इनिशियल कॉन्टेक्स्ट सेटअपचा संदेश उघडला की हा पत्ता डोळ्यांनी दिसतो. ओपन५जीएसच्या मूळ सेटिंगमध्ये सांकेतिकीकरणाच्या यादीत ईईए० (सांकेतिकीकरणच नाही) पहिला आहे, म्हणजे नोंदणीचे संदेशही उघडे वाचता येतात. खऱ्या सेवेसाठी ते चालणार नाही, शिकण्यासाठी मात्र ते फार सोयीचं आहे.

ओजीएसटनवर पॅकेट दिसतं, पण लॅनकार्डावर नाही, तर दोष लिनक्सचा. आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरची पॅकेटं दुसऱ्याकडे देणं) बंद असेल, किंवा फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत अडत असेल. त्या संगणकावर कुणी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी डॉकर (कंटेनरांत प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय का हे जरूर विचारा. डॉकर ती साखळी ‘ड्रॉप’ करून ठेवतो, आणि तो फक्त स्वतःच्या कंटेनरांची सोय बघतो. काल धावणारं नेटवर्क आज बंद, आणि मधे कुणी ओपन५जीएसला हातसुद्धा लावलेला नसतो. फायरवॉलच्या आयपीटेबल्समध्ये त्या साखळीपुढचे पॅकेटचे आकडे वाढताना दिसले की शंका उरत नाही.

लॅनकार्डावर पॅकेट दिसतं, पण पाठवणाऱ्याचा पत्ता अजून १०.४५ चाच आहे, तर तो पत्ता संगणकाच्या पत्त्यानं बदलणारा मास्करेडचा नियम लागलेला नाही. कॉलेजच्या राउटरला १०.४५ माहीत नसतो, उत्तर परत येणार कुठून?

हे शेवटचे दोन दोष आमच्याकडे वारंवार दिसतात आणि त्याचं कारण महावितरणच्या तारांत आहे. लाइट गेली, यूपीएस संपला, संगणक बंद पडला. लाइट आली, संगणक उठला. ओपन५जीएसच्या सेवा आपोआप सुरू होतात, ओजीएसटनही उभा राहतो, फोन नोंदणी करतो. पण कमांडनं चालू केलेलं फॉरवर्डिंग आणि मास्करेडचा नियम दोन्ही उडालेले असतात, कारण ते फक्त मेमरीत होते. सगळं सुरू झालेलं दिसतं आणि नेट तेवढं नसतं. फॉरवर्डिंग सिसीटीएलच्या फाइलीत लिहा, नियम नेटफिल्टर-पर्सिस्टंटनं जतन करा. जिथं लोडशेडिंग आहे तिथं हे पहिल्याच दिवशी करायचं काम आहे. प्रकल्पाच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकेत या आज्ञा आहेत, पण रीस्टार्टनंतर त्या टिकत नाहीत हे तिथं ठळक अक्षरांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. वीज कधीच जात नाही असं गृहीत धरून लिहिलेल्या पानांवर आपल्याकडची मुलं अडकतात.

पिंग चालतो, पण पानं उघडत नाहीत, ही वेगळी जात. यात आधी डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बघायचा. ओपन५जीएस फोनला ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे पत्ते देतो. बऱ्याच कॉलेजांच्या फायरवॉलवर बाहेरचा डीएनएस अडवलेला असतो, आतलाच वापरावा लागतो. एसएमएफच्या फाइलीत कॉलेजचा डीएनएस लिहिला की काम होतं. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर तो बंद करायचा. कॉलेजचं नेट लॉगिन मागत असेल तर कोअरच्या संगणकावरून ते आधी झालेलं हवं. फोन स्वतः गूगलच्या एका पत्त्यावर छोटी विचारणा करून नेट आहे की नाही ठरवतो. तिचं उत्तर आलं नाही तर काड्यांजवळ उद्गारचिन्ह दाखवतो. ते चिन्ह दिसलं तरी काही अ‍ॅप चालू असू शकतात, म्हणून निर्णय त्यावरून घेऊ नये.

मग आयपीव्ही६. ग्राहकाची नोंद करताना सेशनचा प्रकार मुळातच आयपीव्ही४व्ही६ असतो. फोनला २००१:डीबी८:कॅफे या मालिकेतला पत्ताही मिळतो. ही मालिका उदाहरणांसाठी राखलेली, तिच्यातून बाहेर कुठंही जाता येत नाही. फोन मात्र आधी आयपीव्ही६ नं जाऊन बघतो, काही क्षण थांबतो, मग आयपीव्ही४ कडे वळतो. प्रत्येक पान अडखळत उघडतं आणि मुलं रेडिओला दोष देतात. नोंदीत नुसतं आयपीव्ही४ करा, फोनच्या एपीएनमध्येही तसंच करा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवायला आवडतो तो एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ. लक्षण असं: पिंग चालतो, व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, फोटो अडकतो, काही साइट उघडतात, काही पांढऱ्या राहतात. जीटीपीचा बोगदा प्रत्येक पॅकेटला ३६ बाइटांचं ओझं चढवतो: २० आयपीचे, ८ यूडीपीचे, ८ जीटीपीचे. १५०० च्या वाटेवर फोनसाठी १४६४ उरतात. म्हणून ओपन५जीएस फोनला १४०० सांगतो, आणि ते पुरेसं आहे. पण काही मॉड्युल आणि फोन सांगितलेलं ऐकत नाहीत. शिवाय बेस स्टेशन आणि कोअर यांच्यामधे आणखी एखादा व्हीपीएन असला की १४०० सुद्धा जास्त होतात. छोटी पॅकेटं निघून जातात, मोठी मधेच पडतात. पिंगचा आकार वाढवत नेला की नेमक्या कुठल्या बाइटाला गाडी थांबते ते वर्गासमोर दिसतं. इलाज एका ओळीचा: टीसीपीच्या एमएसएसला (एका पॅकेटमधल्या डेटाच्या कमाल आकाराला) लगाम घालणारा आयपीटेबल्सचा नियम. एका मुलीनं हे पाहिल्यावर वसतिगृहात अर्धवट चालणाऱ्या नेटची तपासणी स्वतःहून केली आणि तिथल्या राउटरमध्ये हाच दोष शोधून काढला. त्या दिवशी मला या सगळ्या खर्चाचं समाधान वाटलं.

नेट चालतं आणि थोड्या वेळानं फोन स्वतःच ४जी सोडून देतो, असंही होतं. त्यात डेटाचा दोष नसतो. फोन आधी आवाजाचा विचार करतो. नेटवर्कवर व्होल्टी (४जीवरून कॉल) नाही, जुन्या पद्धतीनं कॉल करायची सोयही नाही, असं कळलं की काही फोन ते नेटवर्क निरुपयोगी ठरवून दुसरं शोधायला निघतात. शील्ड बॉक्समध्ये दुसरं काही सापडत नाही, मग ‘नो सर्व्हिस’. कामाइलिओ हे सॉफ्टवेअर वापरून कॉलसाठीचं आयएमएस उभारता येतं, पण ते स्वतंत्र आणि मोठं काम आहे. डेटाचं प्रॅक्टिकल घ्यायचं असेल तर एलटीई मॉड्युल वापरा. ते आवाजाची अपेक्षा धरत नाही, एटी कमांडनं पत्ता, एपीएन, सिग्नल सगळं विचारता येतं, आणि ते केबलनं जोडता येत असल्यामुळे परवान्याचा प्रश्नही हलका होतो. नव्यानं लॅब उभारणाऱ्यांना माझा आग्रह आहे: फोनआधी मॉड्युल घ्या.

रेडिओच्या बाजूबद्दल कमी लिहितेय, कारण तिथं आम्हाला त्रास कमी झाला. बी२१० यूएसबी ३ च्याच पोर्टला लावा. चालू असताना पडद्यावर एल, यू, ओ अशी अक्षरं पडू लागली तर संगणक वेळेत नमुने देऊ-घेऊ शकत नाही असा अर्थ. एप्रिल-मेमध्ये आमच्या लॅबमध्ये ही अक्षरं वाढतात, तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो म्हणून. सीपीयूचा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, डेस्कटॉप वापरा, पंखा लावा. वेग मोजताना अपेक्षा ठरवून घ्या: १० मेगाहर्ट्झ, एक अँटेना, ६४ क्वॅम मॉड्युलेशन असेल तर डाउनलोडची कमाल सेकंदाला साधारण ३६ मेगाबिट. आणि मोजणी आधी वेग मोजणाऱ्या आयपर्फनं १०.४५.०.१ (कोअरचा संगणक) पर्यंतच करा. कॉलेजच्या नेटचा संथपणा आपल्या रेडिओच्या नावावर चढवू नका.

ज्यांच्याकडे बोर्डासाठी पैसे नाहीत त्यांच्यासाठी सर्वांत चांगली बातमी. एसआरएसआरएएन ४जी झीरोएमक्यूवरही (प्रोग्रामांमधे संदेश नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतं. बेस स्टेशन आणि फोन दोन्ही सॉफ्टवेअर म्हणून एकाच संगणकावर, मधे रेडिओच नाही. परवाना नको, बोर्ड नको, सिम नको. वरचे जवळजवळ सगळे डेटाचे दोष असेच घडवून असेच शोधता येतात. फक्त आभासी फोन वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधल्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) ठेवा आणि पिंगही तिथूनच करा. नाहीतर लिनक्स तो पिंग परस्पर बाहेर नेतो, उत्तर येतं, आणि आपलं नेटवर्क चालतंय असा भ्रम होतो. आम्ही तिसऱ्या वर्षाला आता एवढंच देतो. बोर्ड चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टला.

उणीव कुठं आहे? कागदपत्रांत. ओपन५जीएसच्या २.७ आवृत्तीपासून सेटिंगच्या फाइलींची मांडणी बदलली. इंटरनेटवरचे जुने धडे आणि व्हिडिओ जुन्या मांडणीचे आहेत. मुलं ते जसेच्या तसे उतरवतात आणि सेवा सुरूच होत नाही. प्रकल्पासोबत येणारी मूळ फाइल उघडून तिच्यातच बदल करावा, बाहेरून आणून चिकटवू नये. एसआरएसआरएएन ४जीच्या बाबतीत हे लक्षात घ्या की कंपनीचं मुख्य लक्ष आता ५जीच्या एसआरएसआरएएन प्रोजेक्टकडे आहे. ४जीचं सॉफ्टवेअर चालतं, शिकायला पुरून उरतं, पण त्यात नवं काही येईल अशी आशा धरून खरेदी करू नये. आणि मराठीत यावर माझ्या पाहण्यात काहीच नाही. वर लिहिलेलं आमच्या मुलांनी इंग्रजी पानांतून अडखळत गोळा केलं. तेच मराठीत असतं तर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती पडलं असतं, म्हणून हे इतकं लांब लिहिलं.

गावाला नेट पुरवायचं म्हणून कुणी हे घ्यायचा विचार करत असेल तर घेऊ नका. त्याला स्पेक्ट्रम लागतो, सेवेचा परवाना लागतो, रात्री-अपरात्री बिघाड दुरुस्त करणारी माणसं लागतात. अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निकच्या लॅबसाठी मात्र डोळे झाकून घ्या. क्रम असा ठेवा: आधी झीरोएमक्यूवर एक पूर्ण सत्र, मग मॉड्युल, केबल, अ‍ॅटेन्युएटर आणि बोर्ड, शील्ड बॉक्स आणि फोन सगळ्यात शेवटी. ५जी स्टँडअलोन हवं असेल तर कोअर हाच राहतो, बेस स्टेशनचं सॉफ्टवेअर बदलतं, आणि नोंदणीचं पोर्ट ३८४१२ होतं. तिथं एएमएफ (५जीतला नोंदणी बघणारा भाग), एसएमएफ आणि ग्राहकाची नोंद या तिन्ही ठिकाणी स्लाइसचा (नेटवर्कच्या आभासी हिश्श्याचा) एसएसटी आकडा एकच आहे ना, हे पहिल्यांदा बघा. ओजीएसटनपासून पुढचं सगळं वर लिहिलंय तसंच आहे.